व्हायलेट बजी घरच्या पिंजऱ्यात: रंगांच्या जनुकांचं गणित, पहिल्या जोडीपासून

पक्ष्यांच्या बाजारात बजींच्या मोठ्या पिंजऱ्यासमोर गिऱ्हाईक उभं राहिलं की बोट आधी पिवळ्याकडे जातं, मग पांढऱ्याकडे, मग आकाशी निळ्याकडे. कोपऱ्यात एखादा मळकट, राखेत जांभळं कालवल्यासारखा नर बसलेला असतो. त्याला कोणी विचारत नाही. व्हायलेट बजी घरी तयार करायची असेल तर मी तुम्हाला तोच पक्षी घ्यायला सांगेन. तो मॉव्ह असतो, आणि त्याच्यासारखा उपयोगी पक्षी या छंदात दुसरा नाही.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे सर्रास ज्यांना ‘लव्हबर्ड’ म्हणतात ते बहुतेक वेळा बजरीगर, म्हणजेच बजी असतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे, जाड चोचीचे. बजी ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातली. १८४० साली जॉन गूल्ड यांनी ती जिवंत इंग्लंडला नेली आणि तिथून ती जगभर पसरली. आपला देशी पोपट मात्र १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार पाळता येत नाही, त्यामुळे रंगांचे प्रयोग करायचे तर ते बजीसारख्या परदेशी, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेल्या पक्ष्यावरच.

हिरव्या पिसात हिरवा रंग नसतो

सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून इथे जरा थांबा. रानातली बजी हिरवीगार दिसते, पण तिच्या पिसात हिरवं रंगद्रव्य नाही. पिसाच्या बाहेरच्या भागात पिवळं रंगद्रव्य असतं. त्याच्या आत स्पंजासारखी जाळीदार रचना असते, ती प्रकाशातला निळा भाग परतवते. तिच्याही आत काळं मेलॅनिन असतं, ते उरलेला प्रकाश गिळून टाकतं. पिवळ्या काचेतून निळं पाहिलं तर जे दिसेल तेच आपल्याला दिसतं: हिरवं.

आता एकेक थर बंद करून बघा. पिवळं बनणं थांबलं तर निळा पक्षी. मेलॅनिन थांबलं तर लाल डोळ्यांचा पिवळा पक्षी, लुटिनो. दोन्ही थांबलं तर पांढरा, लाल डोळ्यांचा अल्बिनो. म्हणजे अल्बिनो हा वेगळ्या जनुकाचा पक्षी नाही, तो निळाही आहे आणि इनोही, म्हणजे मेलॅनिन थांबलेलाही, आहे. हे ज्याला कळलं त्याला ‘लुटिनो आणि अल्बिनोची जोडी लावली तर सगळी पिल्लं हिरवट का नाहीत’ असले प्रश्न पडत नाहीत. दोघंही इनो, त्यामुळे पिल्लं इनोच. लुटिनोच्या पोटात निळं जनुक लपलेलं असेल तर त्यातली निम्मी पांढरी.

पिवळं रंगद्रव्य कोणत्या जनुकामुळे बनतं ते २०१७ साली सापडलं. त्या जनुकातून बनणाऱ्या विकरात एका जागी एकच अमिनो आम्ल बदललं की पिवळं बनणं थांबतं. आपल्या घरातली प्रत्येक निळी बजी त्या एका चुकीची वारस आहे. पिंजऱ्यातल्या बजींमध्ये निळा रंग पहिल्यांदा बेल्जियममध्ये, १८८०च्या आसपास दिसला. १९१५च्या सुमारास फ्रान्समधल्या तुलूझला गडद रंगाची बजी निघाली. आणि १९२०च्या दशकात जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात हान्स डुंकर नावाच्या शिक्षकाने, कार्ल क्रेमर या पक्षिप्रेमी व्यापाऱ्याच्या पक्ष्यांवर काम करून, हे रंग मेंडेलच्या नियमांनी चालतात हे पद्धतशीर दाखवलं. कोणत्या जोडीतून कोणते रंग निघतील याची आज आपण वहीत जी चौकट मांडतो तिचं बरंचसं श्रेय त्या जोडगोळीला आहे.

जनुकांच्या तीन चाली

प्रत्येक पक्ष्याकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. पिल्लाला प्रत्येक पालक आपल्या दोनपैकी एक देतो, आणि कोणती ते दर अंड्याला नव्याने ठरतं. एवढं शाळेतलं आठवलं तरी पुरे.

अप्रभावी रंग दिसायला दोन्ही प्रती लागतात. निळा, रिसेसिव्ह पाइड (अंगावर फिकट चट्टे असलेला), क्लिअरविंग (फिकट पंखांचा), डायल्यूट (सगळाच फिका), फॅलो (तपकिरी रेघांचा) हे सगळे यातले. एकच प्रत असली तर पक्षी साधा दिसतो पण ती पुढे देऊ शकतो. अशा पक्ष्याला छंदातली मंडळी ‘स्प्लिट’ म्हणतात आणि वहीत तिरकी रेघ मारून लिहितात: हिरवा/निळा. रेघेच्या डावीकडे दिसणारं, उजवीकडे लपलेलं.

प्रभावी रंगाला एकच प्रत पुरते: व्हायलेट, ग्रे, डॉमिनंट पाइड, स्पँगल (पंखांवरची पिसं फिकट, फक्त कडेला बारीक गडद रेघ). यातल्या काहींत दोन प्रती आल्या की पक्षी आणखी वेगळा दिसतो. एक प्रत म्हणजे सिंगल फॅक्टर, दोन म्हणजे डबल फॅक्टर. डार्क जनुक याचंच उत्तम उदाहरण आहे. ते पिसातल्या त्या जाळीदार थरावर काम करतं. निळ्या पक्ष्यात डार्क नसेल तर आकाशी, एक असेल तर कोबाल्ट, दोन असतील तर मॉव्ह. हिरव्यात हाच क्रम साधा हिरवा, गडद हिरवा, ऑलिव्ह.

इथेच बाजारातली एक फसवणूक ओळखून ठेवा. मला सुरुवातीला एका विक्रेत्याने ‘स्प्लिट स्पँगल’ म्हणून एक साधा निळा नर चढ्या भावाने दिला होता. दोन हंगाम वाट पाहिली, एकही स्पँगल निघाला नाही, निघणारही नव्हता. प्रभावी जनुक निळ्या पक्ष्यात असेल तर ते दिसतंच. ‘स्प्लिट स्पँगल’, ‘स्प्लिट ग्रे’ असं काही नसतं. व्हायलेट हिरव्या पक्ष्यात नुसत्या गडदपणाआड दडू शकतं आणि इनोमध्ये तर कोणताही रंग झाकला जातो, पण साधा आकाशी पक्षी दाखवून कोणी ‘यात व्हायलेट आहे’ म्हणालं तर पैसे खिशातच ठेवा.

तिसरी चाल लिंगसंलग्न जनुकांची. तिच्याकडे नंतर येतो, कारण ती मजेची आहे.

पायरी पहिली: दिसतंय ते नेमकं काय आहे

पक्षी घरी आणण्याआधी दिवसाच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली कोबाल्ट आणि व्हायलेट एकसारखे दिसतात.

मॉव्ह आणि ग्रे यांत सगळ्यात जास्त गल्लत होते. गालावरचा ठिपका बघा: मॉव्हचा ठिपका जांभळा, ग्रेचा राखाडी. शेपटीची लांब पिसं बघा: मॉव्हची गडद निळी, ग्रेची काळी. अंगाचा रंग बघूच नका, तो फसवतो.

पांढरी बजी तर चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकते. डोळे लाल असतील तर अल्बिनो. डोळे काळे आणि मोठेपणी बुबुळाभोवती पांढरी कड असेल, अंग शुभ्र असेल, तर डबल फॅक्टर स्पँगल. डोळे काळे पण कड कधीच येत नसेल तर रिसेसिव्ह पाइड आणि क्लिअरफ्लाइट पाइड एकत्र आलेला, ज्याला डार्क आइड क्लिअर म्हणतात. अंगावर निळ्याची पुसट झाक आणि पंखांवर धूसर रेघा असतील तर डायल्यूट. चारही पांढरे, पण चौघांची पिल्लं पूर्णपणे वेगळी निघतील. अल्बिनोला साध्या आकाशी मादीशी लावलं तर एक गोष्ट होईल, डबल फॅक्टर स्पँगलला लावलं तर पहिल्याच पिढीत शंभर टक्के स्पँगल निघतील.

नर-मादी ओळखताना नाकाचा भाग, म्हणजे चोचीवरची मऊ पट्टी बघतात. मोठ्या नराची ती निळी, विणीच्या हंगामातल्या मादीची तपकिरी. पण इनो आणि रिसेसिव्ह पाइड नरांची पट्टी जन्मभर गुलाबी-जांभळटच राहते. ‘जोडी’ समजून दोन नर घेऊन घरी आलेले आणि महिनाभर घरट्याचं मडकं बघत बसलेले कितीतरी जण मला भेटले आहेत. कोवळ्या पक्ष्यात नाकपुडीभोवती पांढरी वर्तुळं दिसली तर ती मादी, सबंध पट्टी एकसारखी गुलाबी-जांभळट असेल तर नर.

पायरी दुसरी: व्हायलेटचा नकाशा

ज्याला लोक व्हायलेट म्हणतात तो गर्द जांभळा पक्षी तीन गोष्टी एकत्र आल्यावर बनतो: निळ्याच्या दोन प्रती, डार्कची नेमकी एक प्रत, आणि व्हायलेटची निदान एक प्रत. डार्क शून्य असेल तर व्हायलेट असलेला आकाशी पक्षी कोबाल्टसारखा दिसतो. डार्क दोन असतील तर व्हायलेट असलेला मॉव्ह मिळतो, काळपट आणि निस्तेज. एकच डार्क हवा.

बहुतेक जण दोन सुंदर व्हायलेट पक्षी आणतात आणि एकमेकांना लावतात. स्वाभाविक आहे, पण महागात पडतं. दोघांकडे एकेक डार्क असल्यामुळे पिल्लांपैकी चौथाईंना एकही डार्क मिळत नाही, चौथाईंना दोन मिळतात. हवा असलेला एक डार्क निम्म्यांनाच. त्या निम्म्यांतल्याही काहींना व्हायलेट मिळत नाही.

आता मॉव्ह घ्या. त्याच्याकडे दोन डार्क आहेत, म्हणजे तो प्रत्येक पिल्लाला एक देणारच. समोर व्हायलेट असलेला आकाशी पक्षी घ्या. त्याच्याकडे डार्क नाही, तो काहीच देणार नाही. बेरीज प्रत्येक पिल्लात एकच येते, नेमकी हवी तेवढी. व्हायलेटची एक प्रत असेल तर निम्मी पिल्लं व्हायलेट आणि निम्मी कोबाल्ट. त्या आकाशी पक्ष्याकडे व्हायलेटच्या दोन प्रती असतील तर एकूण एक पिल्लू व्हायलेट. कोपऱ्यातल्या मळकट नराचं मोल हे आहे.

मॉव्ह मिळत नसेल तर एक हंगाम त्यासाठी द्या. कोबाल्टला कोबाल्ट लावा: दर अंड्याला मॉव्ह येण्याची शक्यता चारात एक, कोबाल्टची दोन, आकाशीची एक. आठ पिल्लं झाली तर एकही मॉव्ह न येण्याची शक्यता सुमारे दहा टक्के. वाईट नाही. आकाशी पिल्लं मित्रांना द्या, मॉव्ह ठेवा.

व्हायलेट मात्र तयार करता येत नाही, विकतच आणावं लागतं. एक व्हायलेट पक्षी पुरतो. त्याला आकाशी जोडीदार लावला की त्यातून निघणाऱ्या कोबाल्टसारख्या दिसणाऱ्या पिल्लांत काही खरे कोबाल्ट असतात आणि काही व्हायलेट असलेले आकाशी. डोळ्यांनी हे दोन वेगळे करणं अनुभवी माणसालाही जड जातं. इथे पुन्हा मॉव्हच कामाला येतो. संशयित पक्षी मॉव्हला लावा. खरा कोबाल्ट असेल तर पिल्लांत कोबाल्ट आणि मॉव्ह निघतील. व्हायलेट आकाशी असेल तर मॉव्ह एकही निघणार नाही, आणि व्हायलेट पिल्लू स्वतःच उत्तर देईल. त्याच्याऐवजी आकाशी पक्षी लावला तर दोन्ही बाबतीत निम्मी गडद आणि निम्मी आकाशी पिल्लं येतील आणि तुम्ही होतात तिथेच राहाल.

दोन प्रतींचा व्हायलेट आकाशी हवा असेल तर दोन व्हायलेट आकाशी एकमेकांना लावा. चारातल्या एकाला दोन प्रती मिळतील. हे काम तिसऱ्या वर्षाचं. त्यासाठी दोन्ही बाजू वेगळ्या घराण्यातल्या हव्यात, ते पुढे येईलच.

हिरव्यात दडलेला निळा

अनेकांकडे सुरुवातीला हिरवेच पक्षी असतात. त्यांत निळं लपलंय का ते तपासायला निळा जोडीदार लावा. एकही निळं पिल्लू निघालं तर पक्षी स्प्लिट, विषय संपला. निघालं नाही तर? पाच पिल्लं सलग हिरवी निघाली तरी बत्तीसात एक वेळा तसं निव्वळ योगायोगाने होऊ शकतं. सात पिल्लांनंतर ती शक्यता एक टक्क्याच्या आत येते. मी सातावर थांबतो.

टक्केवारी अंड्याला लागू असते, मडक्याला नाही. हे वाक्य मी प्रत्येक नव्या मित्राला सांगतो आणि प्रत्येक जण पहिल्या हंगामात विसरतो. ‘पंचवीस टक्के’ म्हणजे चार पिल्लांत एक हमखास, असं नसतं. चार पिल्लांत एकही न येण्याची शक्यता जवळजवळ बत्तीस टक्के आहे, म्हणजे तीन घरट्यांपैकी एकात निराशा ठरलेलीच.

डार्क आणि निळा यांच्याबद्दल एक बारीक गोष्ट आहे, जिने मला एकदा पूर्ण चक्रावून सोडलं होतं. ही दोन जनुकं एकाच गुणसूत्रावर, जवळजवळ आहेत, त्यामुळे ती बरेचदा जोडीनेच पुढे जातात. माझ्याकडे एक गडद हिरवा/निळा नर होता. आकाशी मादीला लावला. वहीत मी चार रंग सारख्या प्रमाणात येतील असं लिहिलं होतं. दोन वेळच्या मिळून नऊ पिल्लांत चार कोबाल्ट आणि पाच साधी हिरवी. आकाशी एक नाही, गडद हिरवं एक नाही. मग कळलं की त्याचा बाप मॉव्ह होता. मॉव्हकडून त्याला निळा आणि डार्क एकाच गुणसूत्रावर मिळाले होते आणि ते एकत्रच पुढे गेले. या पक्ष्याला टाइप दोन म्हणतात. त्याला आकाशीशी लावलं तर शंभर पिल्लांत साधारण ४३ कोबाल्ट, ४३ साधी हिरवी, आणि उरलेली आकाशी व गडद हिरवी, सातसात. बाप ऑलिव्ह असता तर तो टाइप एक ठरला असता आणि प्रमाण नेमकं उलटं झालं असतं. दिसायला दोघे सारखेच. म्हणून गडद हिरवा/निळा पक्षी घेताना त्याच्या आईबापांचे रंग विचारा. विक्रेत्याला ते सांगता येत नसतील तर पक्ष्याची किंमत ‘हिरवा’ एवढीच.

नरमादीच्या गुणसूत्रावरचे रंग

पक्ष्यांत आपल्या उलट असतं. नराकडे दोन झेड गुणसूत्रं, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. इनो, सिनॅमन (काळ्याऐवजी तपकिरी रेघा), ओपलाइन (पाठीवर रेघा कमी), स्लेट (राखाडी निळा) ही जनुकं झेडवर आहेत. मादीकडे झेड एकच, त्यामुळे तिच्यात जे आहे ते दिसतं. मादी या रंगांसाठी कधीही स्प्लिट नसते. ‘हिरवी स्प्लिट लुटिनो मादी’ असा पक्षी अस्तित्वात नाही.

इनो नर आणि साधी मादी लावली की सगळ्या मुली इनो, सगळे मुलगे साधे दिसणारे पण स्प्लिट. अंड्यातून बाहेर पडल्या दिवशी बंद पापण्यांआडून लालसर डोळे दिसले की ती मादी. सिनॅमनच्या बाबतीतही काहीसं असंच: जन्मताना डोळे काळसर-जांभळे असतात आणि आठवडाभरात गडद होतात. म्हणून पहिल्या दोन दिवसांतच टॉर्च घेऊन बघावं, नंतर ती खूण जाते. उलट जोडी लावली, म्हणजे साधा नर आणि इनो मादी, तर घरट्यात एकही इनो दिसणार नाही. मुलगे सगळे स्प्लिट, मुली सगळ्या साध्या आणि इनोपासून पूर्ण मोकळ्या. स्प्लिट नर आणि साधी मादी या जोडीत निम्म्या मुली इनो आणि निम्मे मुलगे स्प्लिट, पण कोणता मुलगा स्प्लिट ते दिसून कळत नाही.

लेसविंग हा मला व्हायलेटइतकाच प्रिय रंग: पिवळ्या किंवा पांढऱ्या अंगावर फिकट तपकिरी नाजूक रेघा आणि लाल डोळे. तो इनो आणि सिनॅमन एकाच झेडवर आल्यावर बनतो. एका झेडवर इनो आणि दुसऱ्यावर सिनॅमन असलेला नर असेल तर दोन झेडमध्ये तुकड्यांची अदलाबदल होऊन दोन्ही एकावर यावे लागतात. ही जनुकं इतकी जवळ आहेत की असं शंभरात तीनेक वेळाच होतं, त्यातल्या निम्म्यांतच दोन्ही एकत्र येतात, आणि ते लगेच दिसतं फक्त मुलींमध्ये. घरी एकच जोडी असलेल्या माणसाने हा नाद करू नये. लेसविंग आयता विकत घ्या: जे जवळ असल्यामुळे जुळायला कठीण, तेच एकदा जुळलं की सुटायलाही कठीण, त्यामुळे पुढच्या पिढ्यांत ते जवळजवळ एका जनुकासारखं चालतं.

मडकं लावण्याआधी

जनुकं कितीही बरोबर असली तरी अशक्त मादी काही देत नाही. मादी वर्षाची झाल्याशिवाय जोडी लावू नका. वर्षातून दोन वेळा पिल्लं काढणं पुष्कळ झालं. आपल्याकडे ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेच्या उष्णतेत पिल्लं मडक्यात गुदमरतात, आणि कोकणात पावसाळ्यात दाण्याला बुरशी धरते. राळे, वरी, थोडी बाजरी, सोललेले ओट्स. रोज कोथिंबीर किंवा शेवग्याचा पाला. समुद्रफेस कायम टांगलेला. पिल्लं असताना उकडलेलं अंडं. मी मडक्याऐवजी आत खोलगट खड्डा कोरलेली लाकडी पेटी वापरतो, कारण तिचं झाकण उघडून पिल्लं बघता येतात. सपाट तळ मात्र नको, पिल्लांचे पाय फाकतात.

रंगांचं काम करायचं तर एका पिंजऱ्यात एकच जोडी. दहा बजी एकत्र सोडून मिळालेल्या पिल्लांचा बाप कोण ते कोणीच सांगू शकत नाही. बजी जोडीने राहतात, पण जोडीबाहेरही मीलन करतात. मादीच्या शरीरात बीज काही दिवस टिकून राहतं. जोडीदार बदलताना तिला किमान महिनाभर एकटी किंवा फक्त माद्यांबरोबर ठेवा, नाहीतर पहिल्या अंड्यांचा बाप जुनाच निघेल आणि तुमची चौकट खोटी ठरेल.

मादी एक दिवसाआड अंडं घालते, साधारण चार ते सहा. प्रत्येक अंडं अठरा दिवसांनी फुटतं, त्यामुळे घरट्यात थोरलं आणि धाकटं यांच्यात आठ-दहा दिवसांचं अंतर असतं. धाकटं चिरडलं जात असेल तर त्याच सुमारास पिल्लं असलेल्या दुसऱ्या जोडीकडे सरकवा, पण आधी पायात क्रमांकाची रिंग घाला, नाहीतर ते कोणाचं ते हरवेल. बंद रिंग सहाव्या ते नवव्या दिवसाच्या दरम्यान पायात जाते. त्यानंतर पंजा मोठा होतो आणि जात नाही.

वही

दर पिल्लाला एक ओळ: रिंग क्रमांक, अंडं फुटल्याची तारीख, आईचा आणि बापाचा रिंग क्रमांक, जन्मताना डोळ्यांचा रंग, तीन आठवड्यांचं असताना दिसलेला रंग, पहिली पिसगळ झाल्यानंतरचा रंग, आणि शेवटी लपलेल्या जनुकांबद्दल ‘नक्की’ की ‘शक्य’. हा शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. दोन हिरवे/निळे लावून आलेल्या हिरव्या पिल्लांपैकी तिनांतली दोन स्प्लिट असतात. तिथे ‘शक्य’ लिहा. निळ्या बापाच्या हिरव्या पिल्लाला ‘नक्की’ लिहा. पक्षी कुणाला देताना हीच ओळ कागदावर लिहून त्याच्याबरोबर द्या, जशीच्या तशी. ‘शक्य’ला ‘नक्की’ म्हणून दिलेला एक पक्षी दुसऱ्या माणसाची दोन वर्षं खातो.

कोणाला कोणाशी लावायचं नाही

दुर्मीळ रंगाच्या हव्यासात भाऊ-बहीण लावण्याचा मोह होतो, कारण दोघांतही तेच लपलेलं जनुक असतं. सख्खे भाऊबहीण किंवा बाप-लेक यांच्या पिल्लांत प्रत्येक जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता पंचवीस टक्के असते, सावत्र भावंडांत साडेबारा, चुलत किंवा मावस भावंडांत सव्वासहा. जे अप्रभावी रंग आपल्याला हवेत ते याच वाटेने वर येतात, आणि जे नको ते सुद्धा. काही प्रदर्शनी घराण्यांत ‘फेदर डस्टर’ नावाची पिल्लं निघतात: पिसं वाढायची थांबतच नाहीत, डोळे झाकतात, उडता येत नाही, आणि ती बहुधा वर्षाच्या आत मरतात. असं एक पिल्लू निघालं की त्या आईबापांची जोडी कायमची तोडा, आणि त्यांची इतर पिल्लं विणीसाठी देऊ नका, कितीही सुंदर असली तरी.

उडण्याच्या वयात पंखांची आणि शेपटीची पिसं गळणाऱ्या पिल्लांना मात्र लगेच जनुकांचा दोष देऊ नका. ते बहुतेकदा विषाणूंमुळे होतं. पिल्लं काढणं थांबवा, पेट्या जाळा किंवा टाकून द्या, पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि त्या काळात एकही पक्षी घराबाहेर देऊ नका.

बाजारातून एकाच पिंजऱ्यातून उचललेली जोडी बरेचदा भावंडांचीच असते. मॉव्ह एका गावातून आणा, व्हायलेट दुसऱ्या. दोघांनाही महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा, मग जोडी लावा. पेटीत पहिलं अंडं दिसलं की वहीत तारीख घाला आणि अठरा दिवस पेटी फार उघडू नका. पिल्लू बाहेर आल्यावर दहाव्या-बाराव्या दिवशी पिसांच्या नळ्या फुटायला लागतात. पाठीवर निळसर टोकं दिसतील. तो कोबाल्ट की व्हायलेट हे त्या दिवशी ठरवायला बसू नका. तीन-चार महिन्यांनी पहिली पिसगळ झाली की सकाळच्या उन्हात त्याला ओळखीच्या कोबाल्टशेजारी ठेवून बघा, आणि मगच रंगाचा रकाना भरा.